भाड्याच्या खोलीतला ओटा

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका ताईंची चिठ्ठी आली. त्यांचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला. दादरला दोन मित्रांबरोबर त्याने भाड्याने जागा घेतली. घरी गेल्यावर मालकाने सांगितलं, भिंतीला खिळा मारायचा नाही, पलंग आणि कपाट आमचं आहे ते हलवायचं नाही. मुलाने भांड्यांसाठी एक लोखंडी मांडणी भिंतीला ठोकली. जागा सोडताना अनामत रकमेतून मालकाने मोठी रक्कम कापून घेतली. ताई विचारतात, भाडं आपण भरायचं, मग भिंत कुणाची?

प्रश्न साधा वाटला, म्हणून आम्ही गटातल्या चौघीजणी उत्तर शोधायला बसलो, आणि पाहतो तर हा वाद मुंबईत शंभर वर्षांहून जुना आहे. त्याच्या पोटात बायकांची चूल आहे, ओटा आहे, मोरी आहे. म्हणून आज थोडं लांबून सांगतो. आपल्या प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी परळ-लालबागला राहिलेलं आहे, तेव्हा हा इतिहास काही परका नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत माणसं पटापट दगावली. सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. एवढा मोठा माणूस, एवढा ग्रंथसंग्रह, आणि जागा चाळीतली. रमाबाईंनी तिथे संसार कसा मांडला असेल याचा विचार आम्ही चौघी बराच वेळ करत बसलो होतो.

पुढे १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे आपल्या गावाकडच्या गोठ्याएवढी, काही ठिकाणी त्याहूनही लहान. शौचालय मजल्यावर सगळ्यांचं एक. गिरगावात खाजगी मालकांच्या चाळी होत्या, तिथे कारकून, शिक्षक, छापखान्यातले लोक राहत. लालबाग-परळला गिरणी कामगार. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेले गडी दहा-बारा जण मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर झोपायचा. अशा खोलीत सामान म्हणजे काय? प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला खुंट्या, आडवी दोरी आणि वळकटी. त्या काळात घर सजवण्यावरून भांडण व्हायला घरात काही नव्हतंच.

भांडण सुरू झालं ते बायका आल्यावर. यात बायकांना दोष नाही. बाई आली की संसार आला, आणि संसाराला फळी लागते, फडताळ लागतं, पाणी साठवायला पिंप लागतं, मोरीला आडोसा लागतो, सून आली की मध्ये पार्टिशन लागतं. गिरगावातल्या जुन्या इमारतींना छत उंच असायचं. तिथे सुतार बोलावून पोटमाळा काढायचा, वर मुलांनी झोपायचं, खाली म्हाताऱ्यांनी. दहा बाय बाराच्या खोलीत दोन बिऱ्हाडं व्हायची ती अशी.

आता मालकाची बाजू ऐकू. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मुंबईत जागेची टंचाई झाली आणि भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारने भाड्यावर पहिल्यांदा बंधन आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात ठरलं की १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. थोडीफार वाढ सोडली तर ते तिथेच गोठलं. कायदा तात्पुरता म्हणून आला होता, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत पन्नास वर्षं चालवला. महागाई कुठच्या कुठे गेली आणि खोलीचं भाडं मात्र दहा-वीस रुपयेच राहिलं. तेवढ्या पैशात मालक छप्पर कसं शाकारणार, जिन्याची लाकडं कशी बदलणार? सगळेच मालक काही शेठ नव्हते. गिरगावात नवऱ्यामागे एका जुन्या घराच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा मालकिणीही होत्या. त्यांचं दुःख खरं होतं, हे आम्हाला मान्य आहे.

पण भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर काही मालकांनी दुसरी वाट धरली. जुना भाडेकरू गेला तर नव्याकडून पागडी मिळायची. पागडी म्हणजे खोलीचा ताबा देताना वरून रोख घ्यायची रक्कम. १९४७ च्या कायद्यात ती घेणं गुन्हा होता, तरी चालायची, पावतीशिवाय. दहा रुपये भाड्याच्या खोलीला हजारोंची पागडी. मग भाडेकरू निघावा कसा? कायद्याने त्याला उगाच काढता येत नव्हतं, ठराविक कारणं लागत. भाडं थकवलं, खोली दुसऱ्याला पोटभाड्याने दिली, सहा महिने विनाकारण बंद ठेवली, मालकाला स्वतःला खरंच गरज आहे. यातलं सहा महिन्यांचं कलम गावाकडच्या लोकांना फार जाचायचं. शेतीच्या दिवसांत, बाळंतपणात किंवा आजारपणात सगळं बिऱ्हाड गावी आलं की मालक दाव्यात सांगायचा, खोली बंद आहे. म्हणून कितीतरी घरांनी एखादा भाचा किंवा पुतण्या कायम खोलीवर ठेवला. आपल्या आज्या "खोली उघडी ठेवायला कुणीतरी हवं" म्हणायच्या, त्याच्यामागे हे कलम होतं.

आणि एक कारण आजच्या आपल्या विषयाचं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने जागेत पक्कं बांधकाम केलं तर त्याला खोलीतून काढता येई. कायद्याच्या भाषेत कायमस्वरूपी बांधकाम.

पक्कं म्हणजे काय, यावर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात, वर्षानुवर्षं खल झाला. खिळा पक्का का? फळी? लाकडी पार्टिशन? विटांची मोरी? पोटमाळ्याची तुळई भिंतीत गाडली तर? कोर्टं साधारण असं बघत आली की वस्तू भिंतीला किंवा जमिनीला कशी जोडली आहे, काढली तर जागेचं मोठं नुकसान होतं का, आणि लावणाऱ्याचा हेतू काय होता, कायमची ठेवायची की राहतोय तोवर वापरायची. एकच मोजपट्टी सगळ्या खोल्यांना लागत नव्हती. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या मोरीवर एक भाडेकरू सुटायचा आणि दुसरा घालवायचा.

इथे ओट्याची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी बाई बसून स्वयंपाक करायची. चूल, मग कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह, सगळं जमिनीवर. १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा शेल कंपनीने घरगुती गॅस आणला आणि हळूहळू तो चाळींपर्यंत पोचला. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी ठेवायची असते. म्हणजे ओटा हवा. गवंडी बोलावायचा, विटांचे दोन पाय उभे करायचे, वर कडाप्प्याची लादी टाकायची. बाईची कंबर वाकायची थांबली, धूर गेला, खाली सिलिंडर आणि डबे ठेवायला जागा झाली. दीडशे चौरस फुटांत एक ओटा म्हणजे किती मोठा बदल, ते ज्या बाईने बसून तीस भाकऱ्या थापल्या आहेत तिलाच विचारा.

गिरणगावात तर ओटा म्हणजे रोजगार होता. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्या आपल्याच खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या, महिनाअखेरीला पगार झाला की पैसे मिळायचे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कर्ज मिळालं की भांडी आली, शेगडी मोठी झाली. पण जिथे हे सगळं चालायचं ती खोली भाड्याची होती, आणि बहुतेक वेळा भाडेपावती नवऱ्याच्या नावावर.

आमच्या गटातल्या एकीच्या आत्या परळला अशाच डबे करायच्या. त्यांची हकीकत आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. मालकाचं नाव घेत नाही, आता ते हयातही नाहीत. सत्तरच्या दशकात आत्यांनी गॅस घेतला आणि ओटा बांधला. पुढच्या महिन्यात मालकाचा मेहता भाडं घ्यायला आला, ओट्याकडे बघितलं, आणि भाडं न घेताच गेला. पुढच्या महिन्यातही तेच. आत्यांच्या शेजारणीला यातली मेख ठाऊक होती. ती म्हणाली, भाडं नाकारतोय म्हणजे उद्या थकबाकी दाखवणार, मनीऑर्डर कर. तेव्हापासून आत्या दर महिन्याला पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायच्या, ती परत यायची, आणि परत आलेल्या प्रत्येकीची पावती त्या तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवायच्या. दोन वर्षांनी कोर्टाचा कागद आला. ओटा आणि मोरीची वाढवलेली भिंत हे पक्कं बांधकाम, शिवाय भाडं थकलेलं, म्हणून खोली खाली करा.

दावा नऊ वर्षं चालला. कोर्टाने नेमलेला माणूस येऊन ओटा मोजून गेला. आत्या सांगायच्या, "आयुष्यात कुणी माझ्या स्वयंपाकघराचं एवढं मापं काढलं नव्हतं." थकबाकीचा मुद्दा मनीऑर्डरच्या पावत्यांवर पडला. ओट्याच्या बाबतीत गवंड्याची साक्ष झाली. त्याने सांगितलं की लादी नुसती विटांच्या पायांवर टेकवली आहे, भिंतीत खाच पाडून घातलेली नाही. मोरीची भिंत त्यांनी वकिलाच्या सल्ल्याने आधीच उतरवली होती. दावा सुटला. पण त्या नऊ वर्षांत १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप आला. अडीच लाख कामगारांचा तो संप मोडला, आणि यजमानांची नोकरी गेली ती परत मिळाली नाही. वकिलाची फी आत्यांच्या डब्यांवर भागली, म्हणजे त्याच ओट्यावर.

आम्हाला या सगळ्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. भांडण ओट्याचं नव्हतंच. खोलीची किंमत वाढली होती आणि भाडं वाढवता येत नव्हतं, म्हणून ओटा सापडला. पण कोर्टात उभं राहावं लागलं ते ओट्याला, आणि त्याचा खुलासा करावा लागला घरातल्या बाईला.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १९४७ च्या कायद्यात असा खुलासा होता की पार्टिशन, दार, जाळी, स्वयंपाकाचा स्टँड किंवा जागेला मोठी इजा न करता काढता येतील असे बदल केले म्हणून ते पक्कं बांधकाम ठरत नाही. पण "मोठी इजा" म्हणजे किती, हे पुन्हा कोर्टातच ठरायचं. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा मिळाली. पागडीचा व्यवहारही कायदेशीर झाला. आणि कलम १६ मध्ये पक्क्या बांधकामात काय धरायचं नाही त्याची यादीच आली: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी लागणारी खिडकी, खोटं छत, वातानुकूलन यंत्र, हवा बाहेर टाकायची सोय आणि धुराडं. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घ्यायची.

कायद्याच्या पुस्तकात उभा ओटा हे शब्द आम्ही वाचले तेव्हा आम्हाला आत्यांची आठवण झाली. किती बायकांच्या किती तारखा त्या दोन शब्दांमागे असतील! मात्र यादीत काय नाही तेही बघा. मोरी नाही, संडास नाही, विटांची भिंत नाही, पोटमाळा नाही. म्हणजे त्यांच्यावरून अजूनही दावा होऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी याच कायद्यातल्या. घरदुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने केली नाही तर भाडेकरूला स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. दहा-वीस रुपयांच्या भाड्यात चौथा हिस्सा म्हणजे चुन्याची पिशवीही येत नाही, तो भाग वेगळा. आणि पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावणं बेकायदा आहे.

शेतीच्या बायकांना म्हणून एक सांगतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यातही भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेत मालकाला न विचारता पक्कं बांधकाम करायचं नाही असं म्हटलंय, पण शेतीच्या कामासाठीचं सोडून. आणि पट्टेदाराने स्वतः लावलेली वस्तू जागा ताब्यात असेपर्यंत काढून नेता येते, फक्त जागा होती तशी करून द्यायची.

आता चिठ्ठीवाल्या ताईंच्या मुलाकडे येऊ. त्याची जागा जुन्या भाडेकरारावर नाही. हल्ली मुंबईत बहुतेक जागा लिव्ह अँड लायसन्सवर, बहुधा अकरा महिन्यांसाठी, देतात. तिथे राहणारा भाडेकरू नसतो, परवानगीने राहणारा असतो, आणि मुदत संपली की त्याला निघावंच लागतं. ओट्याच्या यादीचं संरक्षण भाडेकरूला आहे, अशा माणसाला त्याचा आधार नाही. त्याचा आधार म्हणजे करारनामा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, आणि ती करायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ताई, तुमच्या मुलाला विचारा, करार नोंदवलेला आहे का, आणि त्यात खिळ्याबद्दल काय लिहिलंय. सामानाची यादी जोडली होती का? पलंग एक, कपाट एक, पंखे दोन, आणि कशावर आधीच ओरखडा होता. जागा घेताना फोनवर भिंतींचे फोटो काढले होते का? काढले नसतील तर पुढच्या वेळी काढायला सांगा. आत्यांनी मनीऑर्डरच्या पावत्या ठेवल्या तसे हे फोटो ठेवायचे. तालुक्याला मुलींसाठी खोली घेताना किंवा गटासाठी गाळा घेतानाही तेच.

बीडीडी चाळी आता पाडून तिथे टॉवर होत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीला ५०० चौरस फुटांचं घर, आणि ते मालकीचं. तिथल्या बायका ओटा कसला करायचा, ग्रॅनाइट की आणखी काही, याची चर्चा करतात. कुणाची परवानगी विचारायची गरज नाही, फार तर नवऱ्याची, असं एकजण हसत म्हणाली.

आत्यांची खाजगी चाळ होती. मुलगा उपनगरात गेल्यावर त्यांनी खोली मालकाला परत दिली. जायच्या दिवशी त्याच गवंड्याच्या मुलाने ओट्याची लादी उचलली. अखंड निघाली, भिंतीला साधी चीरही नाही. ती कडाप्प्याची लादी ट्रकमधून गावी आली, आणि आज त्यांच्या परसात विहिरीशेजारी आहे. भावजय तिच्यावर धुणं धुते.